तबकडीत बसलेल्या नवरदेवाबाबत

नाव – केसरबाई भ्र. ओंकार हिवराळे. वय – ५४ वर्षे. धंदा – शेतमजुरी. (साक्षीदार म्हणते, सध्या सिनेमात मुख्य काम, तेही लिहा. लिहिले.) राहणार – सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा.

मी वरील नावाची व वरील गावची राहणारी असून आज संध्याकाळी पोलीस ठाण्यात स्वतः चालत आले आहे. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि घातला असता तरी मी घाबरले नसते. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी माझा मुलगा प्रसेनजित याच्यासोबत राहते. पती हयात नाहीत. प्रसेनजित यंदा पोलीस भरतीत लागला. उद्या त्याला ट्रेनिंगला हजर व्हायचे आहे, म्हणून आज संध्याकाळच्या शेगाव एसटीने तो निघणार आहे. हे मी सगळ्यात आधी लिहून घ्यायला सांगितले. कारण साहेब, आजच्या बाकीच्या गोष्टींवर हसा, मीही हसते, पण ही एक गोष्ट हसण्यासारखी नाही. पोट्टा अंधारात उठून सोनाळा ते टुनकी रस्त्याने पळायचा. सकाळी मी वावरात निघाले की तो घामाने ओला परत यायचा. त्याच्या नावावर आज गुन्हा लिहिला गेला तर ती वर्दी गेली. म्हणून मी सांगते ते नीट ऐका, मग काय लिहायचे ते लिहा.

हवालदार साहेब म्हणाले, जबाबात फक्त घडलेले लिहितात. मी म्हणाले, "मंग घडलेलंच सांगून राह्यली ना मी! माह्या बोलण्यातलं गाळू नका, आन् तुमच्या मनचं घालू नका." ते बरं म्हणाले.

आमच्या गावात गुलाम रसूल यांचे गेट आणि ग्रील बनवायचे दुकान आहे. त्यांची मुलगी अदीबा शिकलेली आहे आणि तिला सिनेमाचा नाद आहे. तिने यंदा गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमा काढला. नाव 'आभाळाची धाड'. त्याची गोष्ट अशी की, सातपुड्याच्या मागून परग्रहावरचे लोक तबकड्यांत बसून येतात. त्यांना मोबाइलची घंटी लांबून ऐकू येते. ज्याचा मोबाइल वाजला तो माणूस उचलला. असे करता करता सगळा तालुका साफ होतो, तहसीलसुद्धा रिकामी पडते. शेवटी एक बाई वाचते, कारण तिचा मोबाइल पाण्यात पडून बंद असतो. ती बाई मी.

तबकडी गुलाम रसूल भाऊंनी दुकानात बनवली. जुन्या धान्याच्या कोठीचा पत्रा, त्यावर टीव्हीच्या दोन मोठ्या छत्र्या, त्यावर पोळ्या गुंडाळायची चंदेरी पन्नी, आणि भोवती लायटिंगच्या लडी. मधात एक गुबगुबीत खुर्ची आणि खुर्चीसमोर झाकण. झाकणाखाली एक माणूस आखडून बसेल एवढी जागा. हे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवले. मी खोटे कशाला सांगू, दिवे लागले की तिच्यावरून नजर हटत नव्हती. गावातला प्रत्येक माणूस त्या खुर्चीत बसून फोटो काढून गेला. सरपंच तर दोनदा येऊन गेले, एकदा फेटा बांधून.

परग्रहावरचा माणूस म्हणून प्रसेनजित. गावात उंच पोट्टे पुष्कळ, पण मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर अल्युमिनियमचा गंज म्हणजे मोठे पातेले, तोंडाला चंदेरी रंग आणि अंगाला ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्यायला कोणी तयार होईना. हा झाला. मी त्याला म्हणाले, "अबे, पोलिसात लागून राह्यला, आन् हे काय सोंग?" तर म्हणतो, "आई, तू हिरोइन चालतं, आन् मी भूत नाही चालत काय?"

आज शेवटचा सीन घ्यायचा होता. आजच घ्यायचा होता, कारण उद्यापासून परग्रहच गावात नसणार. या सीनवरून माझे आणि अदीबाचे भांडण झाले होते, तेही सांगते. तिच्या लिहिण्याप्रमाणे तबकडीतून तो उठतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि मी त्याला विळ्याने मारते. मी म्हणाले, "नाही जमत." ती म्हणाली, "मावशी, खोटा विळा हाये, पुठ्ठ्याचा." मी म्हणाले, "विळा खोटा असन, पोट्टा तं खरा हाये." ती म्हणाली, "मंग धाड परतवायची कशी? दुनिया वाचवायची का नाही?" मी म्हणाले, "दुनियेचं तू पाय, मी माह्या लेकरावर हात उचलत नाही." शेवट काय करायचा हे आज दुपारपर्यंत ठरलेले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. डोक्यावर गंज असल्यामुळे प्रसेनजितला बाहेरचे काही ऐकू येत नाही. शिट्टी मारून पाहिली, पत्रा वाजवून पाहिला, हाका मारून माझा घसा बसला. तेव्हा अदीबाने ठरवले की सुतळी बॉम्ब फोडायचा. बॉम्ब वाजला की त्याने झाकण ढकलून उठायचे, समोर जो असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्यांची भाषा बोलायची. भाषा म्हणजे काय, पिठाची गिरणी सुरू होते तशी घर्रर्र. बॉम्ब वाजल्याशिवाय काही झाले तरी उठायचे नाही, ट्रॉली हलली तरी नाही, असे तिने त्याला बजावले होते. आमचे सगळे सीन असेच झाले आणि एकदाही चूक झाली नाही. भर लग्नसराईत सुतळी बॉम्बची खूण ठेवू नये, एवढे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आता काय करा बाप्पा! ज्याच्या घरी सिनेमा चालू असतो त्याला दुसरे काही दिसत नाही.

आज दुपारी चारच्या सुमारास तबकडी शाळेच्या भिंतीलगत उभी होती. ऊन उतरले की सीन घ्यायचा म्हणून प्रसेनजितला आत बसवून झाले होते. अदीबा कॅमेरा लावायला नाल्याकडे गेली होती. गुलाम रसूल भाऊ चहाला गेले होते आणि किल्ली ट्रॅक्टरलाच होती. आमच्या गावात ट्रॅक्टरची किल्ली कोणी काढत नाही. तबकडीजवळ मी एकटीच होते.

त्याच शाळेत अमडापूरच्या वऱ्हाडाचा जानोसा होता. आमच्या गावच्या राखीचे लग्न, नवरदेव अमडापूरचा शिवम, आणि आज तक्रार देणारे पुंजाजी वायाळ हे नवरदेवाचे सख्खे मामा. त्यांनी भाच्यासाठी संग्रामपूरहून रथ सांगितला होता, आणि तो आला नव्हता, हे मला आता ठाण्यात बसल्यावर कळले. आजकाल नवरदेवाला घोडा चालत नाही. मोराचा रथ, विमानाचा रथ, हेलिकॉप्टरचा रथ येतो. मामांनी रथवाल्याला फोनवर सांगितले होते म्हणे की, आजवर कोणी आणला नसेल असा आण. मग ते शाळेच्या बाहेर आले आणि समोर काय पाहिले, तर चंदेरी, गोल, लडी लुकलुकणारी तबकडी आणि तिच्यात गुबगुबीत खुर्ची.

ते माझ्याजवळ आले. पांढरे धोतर, गुलाबी फेटा, मिशीला पीळ. आमचे बोलणे झाले ते असे.

"बाई, हे कोनाचं हाये?"

"आमचंच हाये."

"म्हंजे नवरीच्या गावचंच ना?"

"हाव, गावचंच."

"वा! येले म्हनते रथ. नवरदेव बसला तं चालते का?"

"बसू द्या की. नवरदेवाले आज कोन नाही म्हनते?"

मी हे शब्द बोलले. मीच बोलले. मला वाटले, सरपंचासारखे हेही फोटो काढतील आणि जातील. आणि नवरदेव बाशिंग बांधून दारात उभा असला तर त्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, मग तो कोणाचाही असो. तेव्हा साहेब, बसायची परवानगी माझी. प्रसेनजितला यातले काहीएक माहीत नव्हते. तो गंज घालून खाली बसलेला होता. कोणाच्या नावावर काही लिहायचेच असेल तर माझ्या नावावर लिहा. मला कुठे भरतीला जायचे आहे.

त्यानंतर मी सीनसाठी फाटके लुगडे नेसायला शाळेच्या मागच्या खोलीत गेले. ते फाटके लुगडे नेसणे काही सोपे नाही, कुठून काय दिसेल याचा नेम नसतो, त्यामुळे वेळ लागला. बाहेर आले तर तबकडी नाही, ट्रॅक्टर नाही, नवरदेव नाही. मला वाटले अदीबाने नाल्याकडे नेली. तेवढ्यात अदीबा फटफटीवर आली आणि मला म्हणते, "मावशी, तबकडी कुठं?" तेवढ्यात गावातून बँड ऐकू आला.

मी फटफटीवर तिच्या मागे बसले. फाटक्या लुगड्यात, तोंडाला राख फासलेली, सोनाळ्याच्या भर रस्त्याने. माझ्याकडे पाहून एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. अदीबाच्या गळ्यात कॅमेरा होता आणि तो चालू होता. तिने तो केव्हा चालू केला हे मला माहीत नाही. तिचे म्हणणे, घरातून निघतानाच चालू करते.

वरात राखीच्या दारापाशी पोचली होती. आम्ही मागून पोचलो. पुढे बँड, मधात नाचणारी पोरे, बाया डोक्यावरचा पदर सांभाळत हसत होत्या, आणि ट्रॉलीवर तबकडीत नवरदेव शिवम. त्याच्या बाजूला पुंजाजी मामा एका हाताने फेटा धरून दुसऱ्या हाताने लोकांना रामराम करत होते. ट्रॅक्टर त्यांच्यातलाच कोणी चालवत होता. इतकी देखणी वरात मी आमच्या गावात पाहिली नाही, हे मी खऱ्याला स्मरून सांगते. मी ओरडले, "बॉम्ब फोडू नका रे!" बँडमध्ये कोणाला ऐकू येते? एका पोराने दारात सुतळी बॉम्ब ठेवला, वात लावली आणि बाजूला झाला.

बॉम्ब वाजला. झाकण उघडले. माझा मुलगा शिकवल्याप्रमाणे सावकाश उठला, अंगाच्या सगळ्या नळ्या हलवल्या, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर्रर्र केले.

बँडवाल्याचा एक सूर निघाला आणि मधातच बसला. मग पुंजाजी मामा पळाले. ट्रॉलीवरून त्यांनी उडी मारली ती सरळ खाली नाही, आडवी. फेटा एकीकडे, धोतराचा सोगा हातात. कापसाच्या पराट्यांच्या ढिगावरून गेले, एक बकरी ओलांडली आणि ढोरांच्या हौदात पडले. तिथून उठून पुन्हा पळाले, ते वळून न पाहता. त्यांना कोणी हात लावलेला नाही. कोणी त्यांच्या जवळसुद्धा नव्हते, कारण त्या वेगाने जवळ राहणे कोणाला जमले नसते.

नवरदेव मात्र जागचा हलला नाही. त्याने मान वर करून परग्रहाकडे पाहिले आणि हात जोडून "नमस्कार" म्हणाला. तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना वाटले, हे नवरीकडच्यांनी मुद्दाम केले. राखी गच्चीवरून पाहत होती, ती हसता हसता कठड्यावर वाकली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "पायलं का! मामा पळाले, पन माहे ते नाही पळाले!" बँड पुन्हा सुरू झाला आणि पोरे परग्रहाच्या भोवती नाचायला लागली. आणि हा माझा येडा, त्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, त्याला वाटते सीन चालू आहे. तो नवरदेवाचा खांदा सोडायलाच तयार नाही, कारण अदीबाने 'कट' म्हटलेले नाही.

मग मी ट्रॉलीवर चढले. गंजावर दोन वेळा टिचकी मारली. गंज उचलून काढला. आत चंदेरी तोंड, डोळे मिचकावतो आहे. मी त्याचा कान धरला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "उतर बे खाली! कोनाच्या लग्नात घुसला?" तो म्हणतो, "आई, सीन झाला काय?" लोक इतके हसले की मलाही आवरले नाही. पोटात दुखेपर्यंत हसले. त्याचा कान हातात तसाच.

हे सगळे अदीबाने कॅमेऱ्यात घेतले. ती खाली उभी राहून रडत होती की हसत होती हे मला कळले नाही. मला म्हणाली, "मावशी, शेवट भेटला. विळा नको, काही नको. शेवटची बाई धाडीचा कान धरते आन् धाड खाली उतरते." मी म्हणाले, "हे मी पयलेच सांगत होतो, लेकरावर हात उचलायची गरज नाही." खरे म्हणजे कान धरायचे मी कधी सांगितले नव्हते, पण ती आनंदात होती, तिने हो म्हटले.

त्यानंतर थोड्याच वेळाने पोलीस आले. पुंजाजी मामांनी ओल्या कपड्यांनी ठाण्यात जाऊन सांगितले होते की, तोंड झाकलेल्या इसमाने लोखंडी हत्याराने भाच्यावर हल्ला केला व त्याला पळवून नेण्याचा प्रयत्न केला. हत्यार म्हणजे ठिबकच्या नळ्या. पोलिसांनी नाव विचारले आणि प्रसेनजितने आपले नाव, बापाचे नाव, पत्ता सगळे खरे सांगितले. त्याला घेऊन आले. मी मागून चालत आले.

ठाण्यात आले तेव्हा तो बाकावर सरळ बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर, जसे भरतीत शिकवतात तसा. चंदेरी तोंडाने. समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. मी विचारले, "काऊन बोलत नाही?" तर म्हणाला, "आई, अशाच ठान्यात माही नोकरी राह्यली असती." तेवढेच बोलला. साहेब, दिवसभर हसले होते, सगळे हसणे जिरले. मी हवालदार साहेबांना म्हणाले, "आधी माहा जबाब घ्या." म्हणून हा जबाब.

(येथपर्यंत लिहून झाल्यावर ठाणेदार साहेबांनी, हत्याराबाबत खात्री करायची असल्याने, अदीबा गुलाम रसूल हिच्याकडील चित्रण पाहण्यास मागितले. जबाब तेवढा वेळ थांबवला. पुढील मजकूर साक्षीदाराने नंतर सांगितला.)

अदीबाने कॅमेरा टेबलावर ठेवला. सगळे भोवती उभे राहिले. पुंजाजी मामा समोर खुर्चीत, अंगावर ठाण्यातला कोणाचा तरी टॉवेल. आधी वरात दिसली. मग बॉम्ब, मग प्रसेनजित उठला, आणि हत्यार नाही हे साहेबांनी पाहिले. त्यानंतर मामा पळाले. उडी, पराट्या, बकरी, हौद. कोणी हसले नाही. म्हणजे हसायचे नाही असे सगळ्यांनी ठरवले होते. एक शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

मामा म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावले. मग म्हणाले, "हे उडी मारली तठून लाव." ते लावले. मामा वाकून पाहत होते. मला वाटले, आता हा माणूस खवळणार, आणि खवळेल नाही तर काय? भाच्याच्या लग्नात, व्याह्यांच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर असे पळणे. त्याची इज्जत त्या हौदात पडली होती. मी त्याच्या जागी असते तर मीही ठाण्यातच आले असते.

मामांनी अदीबाला विचारले, "हे पडद्यावर येईन काय?"

अदीबा म्हणाली, "मामा, तुमी म्हनान तं आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो." हे म्हणताना ती प्रसेनजितकडे पाहत होती. त्या पोरीने किती दिवस माणसांना घाबरून पळायला शिकवले, आणि कोणालाच तसे पळता आले नव्हते. सगळे हसत पळायचे, वळून कॅमेऱ्याकडे पाहायचे. तिला पाहिजे तसे पळणे तिला आज भेटले होते, आणि ती ते पुसायला बटणावर बोट ठेवून उभी होती. गुलाम रसूल भाऊ तोपर्यंत येऊन दारात उभे होते, त्यांनी खाली पाहिले.

मामा म्हणाले, "पुसते काऊन?"

अदीबाने बटणावरचे बोट काढले.

मामा म्हणाले, "अवो, पाय ना नीट. एवढ्या लोकायमंदी कोनी घाबरलं का? सारे नुसते उभे. पळून कोन राह्यलं? मी एकटा! एका दमात बकरी वलांडली, या वयात! असं पळनारा मानूस तुले भेटन काय?" मग मिशीवरून हात फिरवला, ती ओली होती. म्हणाले, "नाव मोठं टाक. पुंजाजी वायाळ, अमडापूर. आन् हौदाचं ठेव. कोनी म्हनन ते खोटं हाये, तं खाली लिही की खरोखर पडला."

आता मात्र कोणाला आवरले नाही. ठाणेदार साहेब टेबलावर हात आपटून हसले. मामाही हसले. मी हसले नाही, मी प्रसेनजितकडे पाहत होते, आणि त्याची पाठ तेव्हा कुठे जरा वाकली.

तेवढ्यात बाहेर फटफटी थांबली आणि नवरदेव शिवम बाशिंगासह आत आला. मुहूर्त गोरज होता. अंतरपाट धरलेला, मांडव भरलेला, आणि मंगलाष्टकाला मागे उभे राहायला मामा नाही. मामा पाठीशी असल्याशिवाय उभा राहणार नाही म्हणून तो स्वतः न्यायला आला होता. मामांना म्हणाला, "मामा, चला ना. तुमच्याबिगर काही होत नाही." मामांनी भाच्याकडे पाहिले आणि टॉवेलने डोळे पुसले, हौदाचे पाणी आहे असे म्हणाले.

शिवमने जाता जाता मला हळूच सांगितले की, तो पळाला नाही याचे कारण त्याची शेरवानी झाकणात अडकली होती. हे राखीला कळू नये अशी त्याची विनंती आहे. हवालदार साहेब, हे लिहिले असेल तर खोडा.

पुंजाजी वायाळ यांनी आपली काहीएक तक्रार नसल्याचे उभ्या उभ्या लिहून दिले. प्रसेनजितच्या नावावर काही लिहिले गेले नाही ना, हे मी ठाणेदार साहेबांना विचारले. ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "बाई, काही नाही. कोरं हाये." मग त्यांनी प्रसेनजितशी हात मिळवला आणि म्हणाले की, आता जबाबाची गरज उरली नाही, बाई तुम्ही जा. मी म्हणाले, "गरज कशी नाही? माह्या पोट्ट्यानं काही केलं नाही, हे कुठीतरी लिहेल पाह्यजे. पुरं करा." म्हणून हा पुढे लिहिला.

एसटीची वेळ झाली आहे. बँडवाले ठाण्याच्या बाहेर वाजवत आहेत. वऱ्हाडातली पोरे म्हणतात, मांडवात जायच्या आधी परग्रहाला स्टँडवर सोडतो, तबकडीतूनच सोडतो. अदीबा घरून त्याची बॅग घेऊन आली. मी विचारले, "चटणी टाकली का?" ती हो म्हणाली. प्रसेनजित पाया पडला. उठायला त्याने जरा वेळ लावला. मी म्हणाले, "जा, धाव, गाडी सुटन." तो म्हणाला, "आई, तू चाल ना स्टँडवर." मी म्हणाले, "माहा जबाब चालू हाये."

तो दाराबाहेर गेला तेव्हा मी रडले नाही. हे वाक्य हवालदार साहेब लिहायला तयार नव्हते. म्हणाले, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. मी त्यांना आग्रहाने लिहायला लावले.

हवालदार साहेबांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. बँडमुळे मधला भाग दोनदा वाचावा लागला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. शेवटाकडचे एक वाक्य सोडून बाकी सगळा खरा आणि बरोबर आहे. ते वाक्य कोणते, हे लिहिणाऱ्याने समोर बसून पाहिले आहे.

सही – केसरबाई ओंकार हिवराळे